कुपीवरचे लेबल



परिभाषेवर बोलायला अकादमी सहसा भाषेच्या अभ्यासकांना बोलावते. मी भाषेची अभ्यासक नाही. गेली अनेक वर्षे मी याच शहरातल्या एका प्रयोगशाळेत प्रथिने तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम करते. त्यामुळे परिभाषेचा सिद्धांत मांडण्याचा माझा अधिकार नाही. मी एवढेच करणार आहे : माझ्या रोजच्या कामातली एक वस्तू घेणार, तिच्यावरच्या लेबलाचे शब्द एकेक करून मराठीत उलगडणार, आणि त्यात आपली भाषा कुठे सहज चालते व कुठे अडखळते ते तुमच्यासमोर ठेवणार.

वस्तू अगदी लहान आहे. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी. प्रयोगशाळेत आम्ही तिला व्हायल म्हणतो. ती उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. आत पाण्यासारखा दिसणारा थेंबभर द्रव आणि त्यात विरघळलेले दहा-वीस मायक्रोग्रॅम प्रथिन. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण वीस मिलिग्रॅम धरले, तर त्याचा हजारावा भाग. लेबलावर इंग्रजीत जे लिहिलेले असते ते जसेच्या तसे मराठीत उतरवले, तर असे होते : ‘रिकॉम्बिनंट मानवी लिपिड कायनेज, पीआय३के अल्फा. केवळ संशोधनासाठी.’

या ओळीतला ‘मानवी’, ‘केवळ’ आणि ‘संशोधनासाठी’ एवढाच भाग सर्वांना कळेल. तरीही माझा अनुभव असा, की सर्वांत जास्त गैरसमज कळलेल्या शब्दांनीच होतात.

पुढे जाण्यापूर्वी या शहराची एक आठवण काढायला हवी. विज्ञान भारतीय भाषेत शिकवायचे की नाही, हा प्रश्न हैदराबादला नवा नाही. १९१७ मध्ये इथे निजाम सरकारने ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे खाते स्थापन केले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याचे माध्यम उर्दू होते. रसायन, गणित, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आली आणि त्यांच्यासाठी हजारो शब्द घडवले गेले. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडची मराठी मुले इथे येऊन उर्दूतून विज्ञान शिकली. माझे आजोबा त्यांतलेच. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि पुढे नोकरीत इंग्रजी, असा त्यांचा प्रवास झाला. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि ती सगळी परिभाषा इथल्या व्यवहारातून मागे पडली. शब्द अपुरे होते म्हणून ती गेली नाही. ते शब्द वापरून काम करणारी माणसे उरली नाहीत, म्हणून गेली. मराठीत कोशांची उणीव नाही. पण कोशातला शब्द दवाखान्यात, शेतावर आणि प्रयोगशाळेत कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.

आता लेबलाकडे. ‘लिपिड’पासून सुरुवात करते.

लिपिडला आपण ‘स्निग्ध पदार्थ’ किंवा ‘मेद’ म्हणतो. दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे तूप, तेल, नाहीतर पोटावरची चरबी येते. इथे ज्याविषयी बोलायचे आहे ते लिपिड यांपैकी काहीच नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. ते मुख्यतः लिपिडांच्या दुहेरी थराचे बनलेले असते. या लिपिडांपैकी एकाचे नाव फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल. इतरांच्या मानाने त्याचे प्रमाण थोडे. त्याच्या डोक्यावर सहा कार्बन अणूंचे एक कडे असते, ते इनॉसिटॉल. १८५० मध्ये योहानेस शेरर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्नायूंतून हा पदार्थ वेगळा केला आणि ग्रीक भाषेतल्या स्नायूच्या तंतूला असलेल्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले.

बराच काळ पटल म्हणजे केवळ भिंत आणि लिपिडे म्हणजे तिच्या विटा, असेच समजले जाई. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या घेतल्या, त्यांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि पेशींना पाचकरस स्रवण्याची चेतना दिली. चेतना मिळताच लिपिडांमध्ये फॉस्फरस वेगाने शिरू लागला. विटा स्वस्थ बसलेल्या नव्हत्या; बाहेरचा निरोप आला की त्यांच्यात उलाढाल होत होती. त्या उलाढालीचा अर्थ लागायला पुढे कित्येक वर्षे गेली.

दुसरा शब्द ‘कायनेज’. मूळ ग्रीक धातूचा अर्थ हलवणे, गती देणे. हे एका प्रकारच्या एंझाइमांचे नाव आहे. एंझाइमाला आपल्या शालेय पुस्तकांत ‘विकर’ म्हणतात. विश्वकोशाने ‘एंझाइम’ हेच रूप ठेवले. मूळ शब्दाचा अर्थ ‘आंबवणाच्या आत असलेले’ असा आहे. उर्दूतला ‘खामिरा’ हा शब्दही खमिराशी, म्हणजे आंबवणाशीच नाते सांगतो. आपल्याकडे विरजण आहे. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एंझाइमाची निम्मी गोष्ट कळलेली असते : थोडक्या वस्तूने पुष्कळ बदल होतो. उरलेली निम्मी अशी, की विरजणातले जिवाणू वाढत जातात. एंझाइम मात्र वाढत नाही. तो एक रेणू आहे. तो एक काम करून मोकळा होतो आणि लगेच तेच काम पुन्हा करतो.

कायनेजाचे काम काय? पेशीत ऊर्जेचे चलन म्हणून वावरणारा एटीपी नावाचा रेणू असतो, त्याच्यापाशी तीन फॉस्फेट असतात. कायनेज त्यांतला एक काढून दुसऱ्या कशावर तरी चढवते. आपले लिपिड कायनेज तो इनॉसिटॉलच्या कड्यावर, तिसऱ्या क्रमांकाच्या जागी चढवते. नावातला ‘३’ त्याच जागेचा. याच जागेवर फॉस्फेट चढतो, हे लुईस कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले.

इथे मला मराठीची पहिली सोय सापडली. ‘कायनेज’ला नवा संस्कृत शब्द घडवता येईल, पण तो मलाही पाठ करावा लागेल. त्याऐवजी ‘फॉस्फेट चढवणारे एंझाइम’ म्हटले की काम लगेच कळते. याच्या उलट काम करणारे पीटेन नावाचे एंझाइम आहे. ते त्याच तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट उतरवते. एक चढवते, एक उतरवते. फॉस्फेट चढला की ते लिपिड झेंड्यासारखे उभे राहते, पेशीतली काही प्रथिने त्या झेंड्याशी येऊन जमतात आणि ‘वाढा, साखर आत घ्या, मरू नका’ असा निरोप पुढे जातो. फॉस्फेट उतरला की जमाव पांगतो. निरोगी पेशीत ही चढउतार सतत चालू असते. आठवीतल्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, “आणि उतरवणारं बिघडलं तर?” हाच प्रश्न कर्करोगाच्या संशोधनातला एक मोठा प्रश्न आहे. क्रियापदांची जोडी हाती आली, म्हणून तो तिला सुचला.

तिसरा शब्द सर्वांत अवघड, ‘रिकॉम्बिनंट’. कोशात ‘पुनःसंयोजित’ असा प्रतिशब्द आहे. तो चुकीचा नाही. पण तो ऐकून कोणी काय केले हे कळत नाही. घडते ते असे.

मानवी जनुकात या एंझाइमाचा पाठ लिहिलेला असतो : १०६८ अमिनो आम्ले, ठरावीक क्रमाने. तो पाठ आपण घ्यायचा आणि दुसऱ्या जिवाच्या पेशीत घालून तिच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचे. तुमच्या ओळखीचे उदाहरण इन्सुलिनचे. पूर्वी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. मानवी पाठ जिवाणूंत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या याच शहरात शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये कावीळ ‘ब’ची लस बाजारात आणली, ती यीस्टकडून करवून घेतलेली होती.

‘करवून घेणे’ हे आपले रोजचे क्रियापद आहे. करणे वेगळे, करवणे वेगळे, करवून घेणे आणखी वेगळे. इंग्रजीला हा फरक सांगायला वाक्य जुळवावे लागते. मराठीत तो क्रियापदाच्या रूपातच आहे. रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणजे ‘दुसऱ्या जिवाकडून करवून घेतलेले प्रथिन’. हे पाच शब्द आहेत, एक नाही, हे मला मान्य आहे. पण यात करणारा कोण आणि करवणारा कोण, हे दोन्ही स्पष्ट राहते.

आमच्या एंझाइमाच्या बाबतीत करणारी आहे एक अळी. इन्सुलिन लहान, त्याचे जिवाणूंकडून जमले. हे प्रथिन त्याच्या कित्येक पट मोठे, दोन उपघटकांचे. जिवाणूंच्या पेशीत त्याची घडी नीट बसत नाही. म्हणून ‘एसएफ-नाइन’ नावाच्या पेशी वापरतात. त्या एका पतंगाच्या कोषावस्थेतल्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशींचे वंशज आहेत. मूळ पेशी १९७०च्या दशकात अमेरिकेत वेगळ्या काढल्या गेल्या आणि तेव्हापासून त्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पतंगाचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रूगिपर्डा. नाव परके वाटेल. पण मराठवाड्यात आणि तेलंगणात मका लावणाऱ्या कोणालाही तो ठाऊक आहे. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम दिसलेली आणि पाहता पाहता महाराष्ट्र-तेलंगणात पसरलेली अमेरिकन लष्करी अळी, ती याच पतंगाची.

पाठ पेशीत पोहोचवायला अळ्यांना होणारा एक विषाणू वापरतात, बॅक्युलोव्हायरस. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी जो एचएनपीव्ही फवारतात, तो याच कुळातला. हा विषाणू निसर्गात अळीच्या पेशीत शिरला की शेवटी शेवटी एक प्रथिन भरमसाट बनवतो आणि त्याच्या आवरणात स्वतः सुरक्षित राहतो. प्रयोगशाळेत त्या आवरणाची गरज नसते. म्हणून त्या प्रथिनाच्या पाठाच्या जागी आपण आपला पाठ ठेवतो. पेशी २७ अंशांना वाढवायच्या, विषाणू घालायचा, दोन-तीन दिवस वाट पाहायची. मग पेशी गोळा करून थंडीतच फोडायच्या आणि त्या गर्दीतून आपले एक प्रथिन वेगळे काढायचे. वेगळे काढता यावे म्हणून पाठाच्या टोकाला सहा हिस्टिडिनांची एक शेपटी आधीच जोडलेली असते. ती निकेलला चिकटते. निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून सगळा रस सोडला की बाकीचे वाहून जाते आणि आपले प्रथिन अडकून राहते. एका लिटरमधून हाती येतात काही मिलिग्रॅम.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हे एंझाइम एकटे टिकत नाही. काम करणारा उपघटक पी११० आणि त्याला धरून ठेवणारा उपघटक पी८५, असे दोघे एकाच पेशीकडून एकत्र बनवून घ्यावे लागतात. १९९२ मध्ये लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाने पी११०चा पाठ प्रथम वाचला, तेव्हाही कीटकांच्या पेशींतून ही जोडी मिळवून ते एंझाइम काम करते हे दाखवले. पी८५ आपल्या जोडीदाराला सांभाळते, म्हणजे मोडू देत नाही. आणि आवरते, म्हणजे निरोप आल्याशिवाय काम करू देत नाही. सांभाळणे आणि आवरणे ही दोन कामे एकाच प्रथिनाची असावीत, हे घर चालवणाऱ्या कोणालाही नवल वाटणार नाही.

चौथा शब्द ‘मानवी’. आता तुमच्या लक्षात आले असेल की हा शब्द किती फसवा आहे. या कुपीत माणसाच्या शरीरातून काढलेले काहीही नाही. मानवी आहे तो पाठ. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे इथे बसले आहेत, त्यांना मी इतकेच म्हणेन, की संहिता माणसाची आणि लेखनिक अळी. पोथीत जशी लेखनिकाची वळणे उतरतात, तशी इथेही उतरतात. प्रथिन तयार झाल्यावर प्रत्येक जातीची पेशी त्यावर आपापल्या पद्धतीने बारीकसारीक खुणा करते. अळीच्या पेशीने केलेल्या खुणा माणसाच्या पेशीतल्यासारख्याच असतील असे गृहीत धरता येत नाही. शिवाय आपण जोडलेली शेपटी आहेच. म्हणून प्रत्येक खेप तपासावी लागते : शुद्धता किती, जोडी पूर्ण आहे का, आणि मुख्य म्हणजे काम करते का. कुपीत दहा मायक्रोग्रॅम प्रथिन आहे म्हणजे दहा मायक्रोग्रॅम काम करणारे प्रथिन आहे, असे नव्हे. वारंवार वितळवले-गोठवले तर वजन तेवढेच राहते, काम मात्र घटते.

आता शेवटचे, ‘केवळ संशोधनासाठी’.

संशोधन म्हणजे इथे काय करतात? बोटाच्या पेराहूनही लहान अशा शेकडो खळग्यांच्या पट्टीत प्रत्येक ठिकाणी थोडे एंझाइम, थोडे लिपिड, थोडे एटीपी घालतात आणि प्रत्येकात एक वेगळा रसायनरेणू टाकतात. ठरावीक वेळाने किती फॉस्फेट चढले ते मोजतात. मोजण्याची एक रीत अशी, की शेवटी काजव्याला प्रकाश देणारे एंझाइम घालायचे. जितके फॉस्फेट चढले असतील तितका प्रकाश पडतो. एखाद्या खळग्यात प्रकाश मंद झाला, तर तिथल्या रेणूने आपल्या एंझाइमाला अडवले असावे. ‘असावे’ म्हणते, कारण त्याने काजव्याच्या एंझाइमालाच अडवले असण्याचीही शक्यता असते. म्हणून दुसऱ्या रीतीने ताडून पाहिल्याशिवाय कोणी ‘अडवले’ असे लिहीत नाही. ‘अडवले’ आणि ‘अडवले असावे’ यांतले अंतर मराठी क्रियापद किती सहज दाखवते, हेही इथे नोंदवून ठेवते.

अशा शोधातूनच औषधे निघाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक सुरुवातीचा रेणू कांद्याच्या सालीत असलेल्या क्वेर्सेटिन या पदार्थाच्या धर्तीवर रचलेला होता. तो या एंझाइमाला अडवत असे, पण इतरही पुष्कळांना अडवत असे. औषध म्हणून निरुपयोगी, अभ्यासाला उपयोगी. पुढे कळले की या एंझाइमाची अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी चार भावंडे आहेत आणि प्रत्येकाचे काम थोडे निराळे. चौघांच्या चार कुप्या समोर ठेवून एकालाच अडवणारे रेणू शोधणे सुरू झाले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवले, की अनेक कर्करोगांत अल्फाच्या जनुकात बदल झालेला असतो. त्यांतला एक नेहमी आढळणारा बदल एका अक्षराचा आहे : डीएनएमध्ये ‘ए’च्या जागी ‘जी’, आणि प्रथिनात १०४७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन. एवढ्याने एंझाइमाचा आवर सुटतो. निरोप नसतानाही ते फॉस्फेट चढवत राहते. अल्फाला अडवणाऱ्या अल्पेलिसिब या औषधाला, असा बदल असलेल्या विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगासाठी, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण कुपीतल्या उत्तराला मर्यादा आहेत. कुपीत एंझाइम एकटे असते. शरीरात ते अनेक घरी कामाला असते. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोहोचवणारे एंझाइम हेच, अल्फा. म्हणून त्याला अडवले की अनेक रुग्णांची रक्तातली साखर वाढते. हा औषधाचा अपघात नाही; ते औषध आपले काम करत असल्याचाच तो परिणाम आहे. डेल्टाची गोष्ट आणखी गंभीर. डेल्टा मुख्यतः पांढऱ्या पेशींत असते. त्याला अडवणारे उम्ब्रालिसिब हे औषध मुळात ऱ्हायझेन या कंपनीने शोधले, आणि ऱ्हायझेनचे नाते बडोद्याच्या अलेम्बिकशी आहे. म्हणजे ही गोष्ट परक्या मुलखातली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नंतर दुसऱ्या एका चाचणीत, ते घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढत असावा अशी चिन्हे दिसली आणि २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. प्रकाश मंद होतो का, एवढेच कुपी सांगते. माणूस जास्त जगेल का, हे तिला ठाऊक नसते. ‘केवळ’ या शब्दाचे वजन इथे आहे.

आता या सगळ्याचा भाषेशी संबंध काय, ते एका प्रसंगाने सांगते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. तपासणीचा अहवाल इंग्रजीत आला; त्यात अल्फाच्या जनुकात बदल असल्याची नोंद होती. सोबत एक मराठी माहितीपत्रक होते. त्यात लिहिले होते : ‘रुग्णाच्या विकराच्या जनुकात दोष आढळला आहे.’ ते पत्रक घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, “ताई, हे विकर तुमच्याकडं तयार होतं म्हणे. हिला थोडं मिळेल का? पैशाचं मी बघतो.”

मी विचारले, “कशासाठी हवंय, भाऊ?”

ते म्हणाले, “माझ्या वडिलांना इन्सुलिन कमी पडतं, म्हणून आम्ही बाहेरून देतो. हिच्यात हे विकर सदोष आहे, म्हणजे कमी पडत असणार. मग तेही बाहेरूनच द्यायचं ना?”

त्यांच्या तर्कात काहीही चूक नव्हती. मराठीत ‘दोष’ म्हणजे उणीव, अधूपण. दृष्टिदोष म्हणजे कमी दिसणे. पत्रकाने त्यांना जे सांगितले, त्यावरून कोणताही शहाणा मराठी माणूस हाच निष्कर्ष काढेल. आणि तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा होता. मी म्हणाले, “भाऊ, ते कमी पडत नाहीये. ते थांबत नाहीये. नळ आटलेला नाही, नळाची तोटी बंद होत नाही. डॉक्टर जे औषध सुचवतील ते तोटी आवरायचं असेल.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्याकडं जास्तच आहे.” मी हो म्हटले. “मग डॉक्टरांना साखरेचं विचारायला पाहिजे का? ती गोड फार खाते.” हा प्रश्न त्यांचा त्यांना सुचला, कारण चित्र सुलट झाले होते.

त्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर ‘विकर’ऐवजी ‘विकार’ छापले होते. एका कान्याचा फरक. आत्ताच मी तुम्हाला जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाची गोष्ट सांगितली. छापखान्यातल्या एका कान्याने काय होते, तेही पाहून घ्या. ‘विकर’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात मान्य आहे. पण जिथे रुग्ण, आजार आणि हा शब्द एकाच ओळीत येणार, तिथे तो वापरू नये, ‘एंझाइम’ म्हणावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या अनुभवातून माझ्या हाती एक साधा नियम आला. नाव उसने चालेल, क्रियापद आपले हवे. ‘कायनेज’, ‘लिपिड’, ‘एटीपी’ ही नावे जगभर तीच आहेत, ती देवनागरीत लिहून मोकळे व्हावे. पण ते नाव काय करते, हे सांगणारे वाक्य मात्र आपल्या क्रियापदाने पुरे व्हायला हवे : चढवते, उतरवते, सांभाळते, आवरते, अडवते, थांबत नाही, करवून घेतलेले. आपली परिभाषेची कामे बहुतेक नामांची झाली. नाम घडवताना करणारा आणि केलेले, दोन्ही हरवतात, आणि मग ‘दोष’ कमी पडण्याचा की जास्त होण्याचा हे कोणालाच सांगता येत नाही.

अकादमीपुढे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, शब्दकोशाला जोडून एक वाक्यकोश करावा : प्रत्येक संज्ञेपुढे प्रतिशब्दाऐवजी एक वाक्य, ज्यात ती वस्तू काय करते हे क्रियापदाने सांगितले असेल. शंभर वाक्यांनी सुरुवात झाली तरी पुरे. दुसरी, रुग्णांना दिल्या जाणाऱ्या मराठी माहितीपत्रकांत ‘जनुकीय दोष’ऐवजी ‘जनुकातला बदल’ लिहावे आणि त्या बदलाने काम वाढले की घटले, हे पुढच्याच वाक्यात सांगावे, अशी शिफारस अकादमीने आपल्या नावाने करावी. तिसरी, अशी पत्रके तपासणाऱ्या समितीत भाषेच्या जाणकारांबरोबर एक परिचारिका, एक औषधविक्रेता आणि प्रयोगशाळेत हाताने काम करणारे एक माणूस असावे. हैदराबाद, बडोदा, इंदूर, बेळगाव इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दवाखान्यातले कागद तेलुगू, गुजराती, हिंदी, कन्नड नाहीतर इंग्रजीत मिळतात. मराठीतला कागद क्वचितच हाती पडतो. तो पडेल तेव्हा त्याने माणसाला उलट्या दिशेला पाठवू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

शंभर वाक्यांपैकी पहिली दहा मी लिहून आणली आहेत. ती अध्यक्षांकडे देते आहे. त्यांत चुका काढाव्यात, ही विनंती.